भिंतीवर न लावलेली यादी

रायपूर, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

"घरात आमी चारच माणसं आहो, गुरुजी. लिहून घ्या."

बाबांचं हे वाक्य तुला विसरता आलं नसेल. मला गेला आठवडाभर ते रोज आठवतं आहे, आणि कारण असं की आता मीच गुरुजी झाले आहे. शाळेत तर होतेच. पण सोमवारपासून गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीत सरकारी कुटुंब सर्वेक्षणाचे कागद. चौबे कॉलोनीच्या मागची आमची गल्ली आणि तलावापलीकडची वस्ती, इकडे म्हणतात तो पारा, माझ्या वाट्याला आला आहे. घर सुटता कामा नये, माणूस सुटता कामा नये. उत्तर देणं सगळ्यांना बंधनकारक आहे, तसं पहिल्याच पानावर जाड अक्षरात छापलं आहे.

त्या दिवशी देशकर गुरुजींच्या गळ्यात काही नव्हतं. ते रेल्वे क्वार्टरच्या व्हरांड्यात आपल्या खुर्चीवर बसले होते, जनगणनेचा मोठा कागद मांडीवर. शेजारच्या क्वार्टरचे दोघे-तिघे सहज म्हणून कठड्याला टेकले होते. तू गोंदियाच्या सासरहून दसऱ्याला आलेली, 'दिवाळी करून जाईल' असं आई सगळ्यांना सांगायची, आणि दिवाळी होऊन हिवाळाही सरत आला होता. चहा तूच केलास. ट्रे माझ्या हातात होता, म्हणून मी दारात उभी होते, आणि बाबांनी आई, आपला भाऊ रणजित, मी आणि स्वतः अशी नावं सांगून ते वाक्य म्हटलं. गुरुजींनी तुझ्या हातचा चहा पीत लिहून घेतलं. मी मागे वळले तेव्हा तू गाळणी धुवत होतीस, बराच वेळ धुवत होतीस.

त्याच वर्षी तू नर्सिंगला निघून गेलीस. आई गेली त्या वेळी आलीस तीही पायरीवरून परत गेलीस.

हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. फोनवर तू सगळ्यांची तब्येत विचारतेस आणि ठेवून देतेस. पत्रात तरी तुला मधेच ठेवता येणार नाही, म्हणून लिहिते.

काम कसं चाललं आहे ते सांगते, तुला हसू येईल. पाऱ्यात गेलं की मला बाहेर परछीत, म्हणजे ओसरीवर, खुर्ची मिळते, आणि मी बसले की आजूबाजूची घरं आपोआप गोळा होतात. मी विचारते एकाला, उत्तर देतात सगळे. काल एकानं कूलर नाही म्हणून सांगितलं, तर शेजारी म्हणतो, "कूलर लिखो मैडम, अप्रैल में तो लिया है, हमारे यहाँ तक आवाज आती है." त्या माणसानं शेजाऱ्याकडे असं पाहिलं की मी कूलरच्या आधी त्यांची भांडणं लिहून घ्यावी. आजार कोणता, घरात अपंग कोण, नवऱ्यानं टाकलेली कोणी आहे का, हे सगळं मला याच परछीत, याच मंडळींसमोर विचारायचं असतं.

एका घरी सुनेचं शिक्षण विचारलं. सासू म्हणाली, "आठवी." मी आठवी लिहिलं. पुढच्या वळणावर हापशीपाशी ती सून मला गाठून हळूच म्हणाली, "मैं बी.ए. पढ़े हंव दीदी." मी विचारलं, सासूला ठाऊक नाही का. ठाऊक आहे, म्हणाली. पण नवरा दहावी नापास आहे आणि समोर सगळे बसले होते.

मी आठवी खोडून बी.ए. केलं. आम्ही आधी पेन्सिलनं लिहितो, घरी येऊन शाईनं. घरी संपदाला हे सांगत होते तर ती मोबाइलमधून मान न काढता म्हणाली, "मम्मी, ये डेटा कलेक्शन है. इमोशनल मत हो." पोट्टीला मराठी सगळं समजतं, बोलायचं म्हटलं की हिंदीच.

बाबा बरे आहेत. त्यांचं तेवढं तू कधी विचारत नाहीस, तरी.

तुझी,
शारदा


रायपूर, २१ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं उत्तर नाही, पण मी वाट पाहिली नव्हती. आज मला तुला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती दुसऱ्या कोणाला विचारता येणार नाही.

आमच्या कामात एक रीत आहे. घराला कुलूप असलं की दोनदा जायचं, तरीही कुलूप असलं तर शेजाऱ्याकडून माहिती घ्यायची. यात कोणाला काही वाटत नाही. शेजारी आनंदानं सांगतात, चहाही देतात. पाऱ्यात एका शिंप्याच्या घरामागे भाड्याची खोली आहे, तिला कुलूप होतं. शिंप्याची बायको म्हणाली, अहो मी सांगते ना. फुलेश्वरी नाव, भाटापारा गावाकडची, सात-आठ वर्षांची एक मुलगी, पंडरी बाजारातल्या दुकानाचं काम आणते, साड्यांना फॉल लावते, पिको करते. नवऱ्याचं नावही तिनंच सांगितलं. कुठून तरी ऐकलेलं होतं. मी सगळं पेन्सिलनं लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ती फाटकाबाहेर उभी. हातात साड्यांचं गाठोडं तसंच. माझ्याकडे नीट पाहतही नव्हती.

"मोर नाव झन लिखबे दीदी," म्हणाली. माझं नाव लिहू नका.

मी तिला वर्गात नेऊन बसवलं. तिच्यासारखी हकिगत तू दवाखान्यात रोज ऐकत असशील, म्हणून थोडक्यात सांगते. नवरा भाटापाऱ्याचा, वीटभट्टीवर माणसं पुरवतो. ती पोरीला घेऊन निघाली, भावाकडे राहिली. तिथून त्यानं शोधून काढली आणि हात मोडला. मग रायपूरला आली. इथे ती कोण आहे, कुठली आहे, हे घरमालकिणीला जेवढं समजलं तेवढंच पाऱ्याला ठाऊक. आणि आमचं सर्वेक्षण संपलं की कच्ची यादी सामुदायिक भवनाच्या भिंतीवर लागणार आहे. नाव, नवऱ्याचं नाव, आधीचं गाव, घर क्रमांक. कोणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून. त्या भिंतीपाशीच रोज भाजीचा बाजार भरतो, भाटापाऱ्याकडची गाडी सकाळी तिथेच उतरते.

"तो वाचू शकतो का?" मी विचारलं.

"बने पढ़थे," म्हणाली. चांगलं वाचतो.

आता दुसरी बाजू. या यादीवरून नवी राशन कार्डं होणार आहेत, पोरीच्या वसतिगृहाचा अर्जही यावरूनच. नाव नाही तर फुलेश्वरी या शहरात नाहीच. आणि मी नाव गाळलं तर तो गुन्हा आहे, तेही पहिल्या पानावर छापलेलं आहे. पण ताई, गुन्ह्याची मला तेवढी भीती नाही. मला भीती वाटते ती याची की तिच्या भल्यासाठी म्हणून मी तिला पुसून टाकीन, आणि पुढे कधीतरी तिलाच वाटेल, मला कोणी माणसात धरलं नाही.

रात्री जेवताना मी हे बोलून गेले. हे म्हणाले, साहेबांना विचार. बाबा मात्र लगेच म्हणाले, "खोडून टाक. काहून लिहितं? खोलीत कोणी राहत नाही म्हणून लिही."

मी म्हटलं, "तुम्ही ताईला खोडलं तसंच?"

एवढ्या वर्षांत या घरात हे कोणी म्हटलं नव्हतं. हे पाणी आणायला उठले, पाणी समोरच होतं. बाबांनी ताटातला भात संपवला, हात धुतले आणि झोपायला गेले.

म्हणून तुला विचारते. त्या दिवशी तुला काय हवं होतं? नाव लिहिलं जायला हवं होतं, की न लिहिलं गेलं हेच बरं झालं? मी फुलेश्वरीचं काय करू? कागद डिसेंबरच्या सुरुवातीला शाईनं करून द्यायचे आहेत.

तुझी,
शारदा


रायपूर, ६ डिसेंबर

प्रिय ताई,

शाळेच्या पत्त्यावर तुझं पोस्टकार्ड आलं. मुख्याध्यापकांनी हातात देताना म्हटलं, "बस इतना ही लिखा है?" म्हणजे वाचलं होतं. 'तिलाच विचार. मला कोणी विचारलं नव्हतं.' एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवणार होते, मग पर्समध्ये ठेवलं.

किती सोपं होतं, आणि मला सुचलं नाही. ती म्हणाली, नाव लिहू नका, आणि मी तिच्याशी बोलायचं सोडून साऱ्या जगाला विचारत सुटले. यांना, बाबांना, तुला. रविवारी तिच्या खोलीवर गेले. परछीत बसले नाही, आत गेले आणि दार लोटून घेतलं. शिंप्याची बायको बाहेर दोनदा खाकरली. फुलेश्वरी जांभळ्या साडीला फॉल लावत बसली होती, पोरगी रिकाम्या रिळांची आगगाडी करत होती.

मी तिला सगळं सांगितलं. नाव लिहिलं तर काय मिळेल, नाही लिहिलं तर काय जाईल, यादी कुठे लागेल, कोण वाचेल. हे तिला आतापर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. शाळेच्या फाटकाशी ती आली होती ती नुसत्या भीतीनं.

 ती टाके घालत राहिली. दोरा संपला, तो दातानं तोडला, मग म्हणाली, "लिख दे दीदी. मुखिया म मोरेच नाव लिखबे. फेर भिथिया म झन चिपकाबे."

लिहा. कुटुंबप्रमुख म्हणून माझंच नाव लिहा. पण भिंतीवर लावू नका.

मी नवऱ्याच्या नावाच्या रकान्याकडे बोट दाखवलं. "एमा मोर ददा के नाव लिख दे," म्हणाली. वडिलांचं. रकान्यात 'पिता अथवा पति' असंच छापलं आहे ताई, म्हणजे ते चालत होतं. मी इतक्या घरांत बायकांना नवऱ्याचंच नाव विचारत आले होते. कागदानं तसं सांगितलेलंच नव्हतं, ती सवय माझी होती.

मी तिच्यासमोर पेन्सिल खोडली आणि तिच्यासमोरच शाईनं लिहिलं. भिंतीचं मात्र मी हो म्हणून आले आहे, आणि ते माझ्या हातात नाही.

आता बाबांचं. लिहू की नको, असं इतके दिवस चाललं होतं. मग वाटलं, हेही न विचारता ठरवायला नको. पण तुला विचारायला पुन्हा पत्रच लिहावं लागेल. नको असेल तर पुढचा भाग वाचू नकोस.

त्या जेवणानंतर दोन दिवसांनी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तिथे बाबा आले. दोरीला धरून उभे राहिले. म्हणाले, "जनगणनेचे कागद तहसिलीत जात होते. तहसिलीत कोण होतं, माहीत आहे तुले? वीणाच्या नवऱ्याचा मावसभाऊ. त्यानं वाचलं असतं, की पोट्टी बापाच्या घरी कायमची नोंदवली, तर दुसऱ्या दिवशी ते सगळे आले असते. तेव्हा बायकोले परत न्यायले आले तं पोलीस पण त्यायच्याच बाजूनं उभे राहत."

मी म्हटलं, "मग तुम्ही ताईला हे सांगितलं काहून नाही?"

त्यांनी दोरीवरचा एक चिमटा काढून पुन्हा लावला. मग म्हणाले, "मले लाज पण वाटत होती. कठड्याले लोक टेकून होते. दोनी होतं. कोणतं किती होतं, ते आता मलेच सांगता येत नाही. तिले एकच दिसलं असन, अन् ते तर होतंच."

ताई, मावसभाऊ खरंच तहसिलीत होता का, हे मी शोधलेलं नाही. म्हातारपणी माणूस आपल्या जुन्या वागण्याला कारणं शोधतो, हेही मला समजतं. फक्त ती लाज त्यांनी आपण होऊन कबूल केली, म्हणून बाकीचंही मला खोटं वाटलं नाही. तुला वाटलं तर ते तुझं.

तुझी,
शारदा


रायपूर, १९ जानेवारी

प्रिय ताई,

यादी छापून आली.

आमचे पर्यवेक्षक दयाराम साहू सर, माणूस वाईट नाही, पण आदेशाच्या पुढे एक पाऊल टाकत नाही आणि मागेही नाही. गठ्ठा माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "लेई बनवा लीजिए मैडम, परसों तक चस्पा कर दीजिए." म्हणजे खळ करून परवापर्यंत भिंतीवर चिकटवा.

मी म्हटलं, "सर, मैं चिपकाऊँगी नहीं. घर-घर जाके दिखा दूँगी. हर घर को उसका अपना हिस्सा. दस्तखत ले लूँगी."

"सारे घर?"

"सारे."

ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. "किसके लिए कर रही हैं?"

इथे मी घसरले असते. एकीसाठी, असं म्हटलं असतं तर ती कोण हे त्यांना विचारावंसं वाटलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत कार्यालयात सगळ्यांना. मी म्हणाले, "सबके लिए, सर. लोगों ने मुझे कान में बताया है. दीवार पर कैसे लगा दूँ."

सरांनी आदेश काढला, दोनदा वाचला. त्यात 'लोकांच्या अवलोकनार्थ सार्वजनिक ठिकाणी' एवढं होतं. भिंत हा शब्द नव्हता. शाळासुद्धा सार्वजनिक ठिकाण आहे, असं मी म्हटलं. शेवटी ठरलं ते असं: भवनाच्या भिंतीवर एक सूचना, की यादी तयार आहे, ज्यानं त्यानं आपली नोंद शाळेत येऊन पाहावी किंवा मॅडम घरी येतील तेव्हा. त्याखाली फक्त घर क्रमांक. "आपका टाइम, आपकी चप्पल," सर म्हणाले. "पर शिकायत आई, तो मैं कहूँगा मुझे नहीं मालूम था." मी म्हटलं, हव सर. छत्तीसगढीत होकार दिला की ते जरा विरघळतात.

तेव्हापासून शाळा सुटली की मी चालते आहे. कागदाला एक पुठ्ठा केला आहे, त्यात एका घरापुरती खिडकी कापली आहे. वरचं दिसत नाही, खालचं दिसत नाही. पाऱ्यातल्या पोरींना ही खिडकी फार आवडली.

पाऱ्यानं ऐकून घेतलं. नाराज झाली ती आमची कॉलोनी. गुलाबराव तुला माहीत नसतील, तू गेल्यावर ते इथे आले. वीज मंडळातून रिटायर झाले आहेत आणि गल्लीतलं सगळं त्यांना ठाऊक असतं. मी त्यांची नोंद दाखवली, त्यांनी सही केली आणि पुठ्ठा बाजूला सारायला हात पुढे केला.

"बाकीचे?"

"बाकीच्यांचं बाकीच्यांना दाखवते, काका."

"काहून? सरकारी कागद आहे, चोरीचा नाही. त्या समोरच्यानं एसी किती लिहिले ते तर पाहू दे. दोन आहेत, मी सांगतो. अन् वरच्या मजल्यावरची ती बाई खरंच एकटी राहून राहिली काय?"

"काका, तुमच्या नोंदीत काकूंचं वय तुम्ही कमी सांगितलं की जास्त, हे मी समोरच्यांना दाखवू?"

आतून काकू म्हणाल्या, "अहो, बसा गुपचूप. शारदे, चहा घेऊन जा."

काकूंचा चहा पिऊन निघाले.

दार लोटून वाचून दाखवलं की लोक वेगळंच बोलतात. एका बाईनं पहिल्यांदा सांगितलं की घरात एक दीरही आहे, मागच्या खोलीत, त्याला फिट येतात; आधी मी गेले तेव्हा परछीत गर्दी होती म्हणून त्याचं नाव घेतलं नव्हतं. आता लिहा म्हणाली, औषधाचं काही होत असेल तर. त्या बी.ए.वाल्या सुनेनं आपली नोंद बोटानं वाचली, सही केली, आणि सासूला पुठ्ठ्याची खिडकी दाखवत म्हणाली, "सब बने लिखाय हे." सासूला वाचता येत नाही. पण तिनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. तिला समजलं असावं.

फुलेश्वरीनं सही केली. अंगठा नाही, सही. तशी तिला येते.

सूचनेची मुदत महिनाभर आहे. तोवर मला झोप नीट लागायची नाही. साहू सरांच्या जागी दुसरा कोणी आला आणि म्हणाला, लावा भिंतीवर, तर मी काय करीन हे मला ठाऊक नाही.

बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "लागली का?" मी म्हणते, नाही लागली. मग ते बातम्या ऐकायला बसतात.

तुझी,
शारदा


रायपूर, २० फेब्रुवारी

प्रिय ताई,

काल मुदत संपली. यादी शाळेच्या कपाटात होती, आज सीलबंद होऊन गेली. भिंतीवर लागली नाही.

साहू सरांनी कार्यालयात सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या भागात हरकती सगळ्यात कमी आणि दुरुस्त्या सगळ्यात जास्त, आणि दोन्ही एकाच वेळी कसं झालं हे त्यांना समजत नाही. मग जाताना हळूच म्हणाले, "वो गत्ते की खिड़की वाला आइडिया लिख के दे दीजिए, ऊपर भेज देता हूँ." पाठवतील, न पाठवतील. पण त्यांनी विचारलं.

आता जे सांगते ते नीट वाच. गेल्या आठवड्यात गुलाबराव सकाळचं फिरून आले आणि फाटकाशीच थांबले.

"तुझी ती यादी नाही लावली, त्याच्यानं एका बिचाऱ्याचं काम अडलं ना."

"कोणाचं, काका?"

"भाटापाऱ्याकडचा माणूस होता. दोन दिवस झाले, भवनाच्या भिंतीपाशी उभा राहत होता. सगळे कागद वाचून राहिला, लसीकरणाचे पण. मी विचारलं, काय पाहता भैया? म्हणे, घरवाली रुसून आली आहे रायपूरले, पोरीले घेऊन, लोक म्हणतात इकडंच कुठं आहे. चांगला बोलत होता, मले पान दिलं. माहीत असतं तर सांगितलं नसतं काय मी? घरापर्यंत नेऊन सोडलं असतं."

मी फाटकाचा दांडा धरून ठेवला. "मग?"

"मग काय. गेला सकाळच्या गाडीनं. म्हणे दुर्ग शहरात जाऊन पाहतो आता."

ताई, गुलाबराव वाईट नाहीत. त्यांनी खरंच नेऊन सोडलं असतं, आणि वाटेत त्याला चहाही पाजला असता. मी फाटक लावलं. आत येऊन बसले. बाबांनी सगळं खिडकीतून ऐकलं होतं. ते म्हणाले, "आता तरी गेला?" मी म्हटलं, गेला. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

फुलेश्वरीला मी सांगितलं, कारण हेही तिचंच होतं. ती घाबरली, मग म्हणाली की खोली बदलते, पण शहर नाही बदलणार. इथे तिचं नाव लिहिलेलं आहे. पंडरीच्या दुकानदाराला ओळखीची खोली आहे, पोरीची शाळाही तिथून जवळ पडते. नवा पत्ता मला ठाऊक आहे. बाबांना, यांना, संपदाला नाही. संपदानं विचारलंसुद्धा, "वो सिलाई वाली आंटी कहाँ गईं?" मी म्हटलं, हे मला सांगता येणार नाही. तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाली, "ठीक आहे आई." ताई, मराठीत म्हणाली.

आणि आज सकाळी बाबा माझ्यापाशी आले. कपडे करून आले होते, कोट घालून, जणू कार्यालयात आले आहेत. म्हणाले, "शारदे, वीणाचा पत्ता तुझ्यापाशी आहे."

त्यांना नेहमीच माहीत होतं. तुझी पत्रं शाळेत येतात हे माहीत होतं, कुठून येतात ते त्यांनी कधी पाहिलं नाही. आई गेली तेव्हाही विचारलं नाही. मला वाटायचं, मान कमी होईल म्हणून विचारत नाहीत.

मी म्हटलं, "आहे."

"मले देतं का?"

ताई, ते एकोणऐंशीचे आहेत. कोटाचं एक बटण वरच्या काजात गेलं होतं. माझ्या तोंडावर आलं होतं, घ्या म्हणून, पेनही हाताशी होतं.

मी म्हटलं, "तिला विचारते, बाबा."

मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "हो. विचार." आणि थोडं थांबून, "नाही म्हणाली तं नाही. काहून नाही, ते विचारू नको तिले."

काय लिहिणार आहेत, मी विचारलं नाही. येणार आहेत का, तेही नाही. कोट काढून ते पुन्हा बातम्या ऐकायला बसले, आवाज मात्र लावला नाही.

या वेळी पोस्टकार्ड पाठवू नकोस, मुख्याध्यापक वाचतात. बंद पाकिटातलं पत्र पाठव, एका शब्दाचं असलं तरी. तो शब्द 'नको' असेल हे मी धरून चालले आहे. तू इतकी वर्षं हा पत्ता जपला आहेस, आणि जपायचा हक्क तुझा आहे. तसं असेल तर मी त्यांना तेवढंच सांगेन आणि आपण फोनवर पुन्हा तब्येतीचंच बोलू. तरी विचारते.

तुझा पत्ता बाबांना देऊ का?

तुझी,
शारदा